पिठीचा गिलावा

मिस्त्रीच्या हातचा गिलावा एकदा बघितला की दुसऱ्या कुणाच्या भिंतीकडं बघवत नाही, असं लोक म्हणायचे. मिस्त्री ते ऐकून घ्यायचा. मान डोलवायचा नाही, पण 'नाही हो' असंही कधी म्हणायचा नाही. तीस वर्षं त्यानं थापी धरली होती. पाया कुणीही खणावा, विटा कुणीही रचाव्यात, शेवटचा हात मात्र मिस्त्रीचाच, असं त्या सगळ्या टापूत ठरूनच गेलं होतं. त्याच्या भिंतीवरून तळहात फिरवला तर कुठं खडा लागायचा नाही की कुठं उंचवटा लागायचा नाही. नव्या घरात आलेल्या बायका भिंतीला गाल लावून बघायच्या आणि मग त्यांचं त्यांनाच हसू यायचं.

यातलं निम्मं श्रेय हाताचं आणि निम्मं पिठीचं. वस्तीच्या खालच्या अंगाला कारखाना होता. खाणीतला दगड तिथं दळायचे, त्यातून त्यांना हवं ते काढून घ्यायचे आणि उरलेला चुरा पाण्याबरोबर बाहेर सोडून द्यायचे. तो वर्षानुवर्षं साचून, वाळून त्याचं एक राखाडी टेकाड झालं होतं. चुरा इतका बारीक, की त्याला सगळे पिठीच म्हणायचे. नदीच्या वाळूत माती असते, शिंपले असतात, ती चाळता चाळता दंड भरून येतात. पिठी एकदा चाळली की काम झालं. टेकाडाला ना कुंपण होतं ना राखणदार. कुणी गाडी भरून नेली तर कारखान्यातले लोक उलट खूशच व्हायचे, तेवढाच ढीग कमी झाला म्हणून.

मिस्त्रीचा हिशेब सरळ होता. परक्याच्या घरी वरच्या हाताला, म्हणजे शेवटच्या थराला, थोडी पिठी, ओळखीच्याकडं जास्त आणि आपल्या माणसांकडं हात सैल सोडून. प्रेम असं तोंडानं बोलून दाखवायची त्याला कधी सवय नव्हती. ज्याच्यावर जीव, त्याच्या भिंतीवर पिठीचा थर जाड, एवढंच तो करायचा, आणि इतकी वर्षं ते कुणाला कळलंही नव्हतं.

कारखाना बंद पडून चार वर्षं झाली. या हिवाळ्यात कुठून तरी माणसं आली आणि त्यांनी टेकाडाभोवती तारेचं कुंपण घातलं. कुंपणावर लाल पाट्या लावल्या. पाठोपाठ मोजणीवाले आले आणि घराघरांत शिरायला लागले.

ते तिघे जण होते. त्यांची मुख्य म्हणजे एक चाळिशीतली बाई, डोक्याला रुमाल, पायांत जाड बूट आणि हातात विटेएवढं एक यंत्र. मिस्त्रीच्या अंगणात ते यंत्र सावकाश टिकटिक करत होतं. स्वयंपाकघरात जरा घाईनं करायला लागलं. मुलाच्या आणि सुनेच्या खोलीत भिंतीजवळ नेताच टिकटिक एकमेकीत मिसळून नुसती खरखर व्हायला लागली. बाईनं ते मागं घेतलं, पुन्हा पुढं नेलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. सून कंबरेवर एक हात ठेवून दारात उभी होती. तिला सातवा महिना लागला होता.

"ही भिंत कुणी केली?" बाईनं विचारलं.

एरवी या प्रश्नानं मिस्त्रीची छाती फुगायची. "मीच," तो म्हणाला.

"यात टेकाडावरचा चुरा आहे का?"

मुलगा बापाकडं बघत होता. सूनही बघत होती. मिस्त्री नुकताच कामावरून आला होता. थापीवर वाळलेला माल त्यानं नखानं खरवडला आणि म्हणाला, "आठवत नाही. वाळू काय, कुठून कुठून येते."

हे धडधडीत खोटं होतं. त्याला भिंत न् भिंत आठवत होती. कुणाच्या माजघरात किती घमेली गेली, कुणाच्या जमिनीचा कोबा घोटताना पाऊस आला, सगळं आठवत होतं. पण जन्मभर ज्याची शाबासकी घेतली त्याचीच कबुली द्यायची वेळ आली, तेव्हा ती त्याला देववली नाही.

बाईनं त्याच्याकडं नीट बघितलं, पण वाद घातला नाही. तिनं मुलाला आणि सुनेला समजेल असं सांगितलं. या चुऱ्यातून किरणं निघतात, ती दिसत नाहीत, त्यांना वास नाही. एक वायूही निघतो, तो बंद खोलीत साचतो आणि श्वासाबरोबर छातीत जातो. एका दिवसात काही होत नाही. थोडं थोडं, रोज, वर्षानुवर्षं, असं ते चालतं. या खोलीत झोपू नका, खिडक्या उघड्या ठेवा. भिंत स्वतः फोडायला जाऊ नका, धूळ उडेल. आमची माणसं येऊन, ओली करून, गिलावा काढून नेतील, पण ती कधी येतील ते आज सांगता येणार नाही.

मग ती सुनेकडं वळली. "तुम्हाला दुसरीकडं राहता येईल का? इथून लांब कुठं?"

"आईकडं," सून म्हणाली. "वरच्या वस्तीत."

बाईनं नकाशा उलगडला. टेकाडाभोवती पेन्सिलीनं एक वर्तुळ काढलेलं होतं आणि त्याच्या आतली घरंच त्यांना मोजायची होती. वरची वस्ती वर्तुळाच्या कितीतरी बाहेर होती. "छान," बाई म्हणाली, "तिकडं जा."

मिस्त्रीनं थापी पुन्हा खरवडायला घेतली.

तीन वर्षांपूर्वी मुलाचं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात त्यानं दोन खोल्या केल्या होत्या. एक ही, आणि दुसरी वरच्या वस्तीत, विहीणबाईंच्या घरी. विहीणबाई एकट्या, शिवणकाम करून पोरीला वाढवलेली बाई. त्यांच्या पुढच्या खोलीच्या भिंतींना नुसत्या विटा होत्या, पावसात ओल यायची. मिस्त्री स्वतःहून दोन गाड्या पिठी घेऊन गेला होता आणि पाच दिवस राबून त्यानं चारी भिंतींना दोन-दोन हात दिले होते. जन्मात केलं नाही असं काम त्यानं तिथं केलं होतं. निघताना विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला होता, आणि मिस्त्री घरी येईपर्यंत वाटेत एकटाच हसत होता.

गेल्या वर्षी सुनेला पहिल्यांदा दिवस राहिले, तेव्हा तिच्या अंगात रक्त कमी म्हणून ती चौथ्या महिन्यापासून आईकडं, त्याच खोलीत जाऊन राहिली होती. सहाव्या महिन्यात ते मूल गेलं.

हे सगळं मिस्त्रीच्या डोक्यात एका दमात उभं राहिलं. संध्याकाळी जेवताना मुलानं ठरवूनच टाकलं. तो पाण्याच्या पंपावर कामाला होता, त्याला आठवडाभर सुट्टी मिळणार नव्हती. गुरुवारी दुधाचा टेम्पो वर जातो, त्यातून आबांनीच तिला पोहोचवावं, असं तो म्हणाला. सून खूश दिसत होती. आईनं खोली तयारच ठेवली आहे, खिडक्यांच्या फटीसुद्धा बुजवल्या आहेत, बाळाला वारा लागायला नको म्हणून, असं ती सांगत होती. मिस्त्रीनं दोन घास खाल्ले आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"आबा, खोकला आहे का तुम्हाला?" सुनेनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "घास अडकला."

त्या आठवड्यात तो एका दुकानदाराची पाण्याची टाकी आतून घोटत होता. टाकीत उतरलं की चारी बाजूंनी गार. बोटांच्या पेरांना सिमेंटनं भेगा पडल्या होत्या आणि गारठ्यात त्या उलायच्या. वाळू नदीची होती. थापी फिरवली की खडा सापडायचा, खड्याबरोबर रेघ ओढली जायची, रेघ बुजवली की दुसरीकडं उंचवटा यायचा. पिठीनं त्याचा हात लाडावून ठेवला होता आणि आता साध्या वाळूला तो हात नवशिक्यासारखा अडखळत होता.

पहिल्याच दिवशी दुकानदार टाकीच्या काठावर येऊन उभा राहिला आणि वाळू कुठली म्हणून विचारलं. नदीची, म्हणून मिस्त्रीनं सांगितलं. दुकानदारानं नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवला नाही. त्यानं पोतं उघडायला लावलं, मूठभर वाळू घेतली, उजेडात धरली, दोन बोटांत चोळली आणि हात झटकून निघून गेला. याच दुकानदारानं दहा वर्षांपूर्वी घर बांधताना चार माणसांदेखत मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली होती. मिस्त्रीनं पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं आणि खाली उतरला.

माल कालवून द्यायला आक्का होती. आक्का साठीची, वाळकी आणि तोंडाची फटकळ. वीस वर्षं ती मिस्त्रीबरोबर घमेली वाहत होती आणि टेकाडावरची सगळी पिठी तिनंच चाळली होती. मोजणी सुरू झाल्यापासून वस्तीत सगळ्यांची तोंडं उतरली होती. आक्काचं तोंड तेवढं चालू होतं.

"त्या बाईला म्हणावं, भिंती कशाला मोजता, मला मोजा," ती टाकीच्या तोंडातून खाली घमेलं सोडत म्हणाली. "वीस वर्षं नाकातोंडात गेलीये. मला यंत्र लावलं तर लग्नाचा बँड वाजेल."

मिस्त्री हसला नाही. आक्का काठावर बसली. तिनं डोक्यावरची चुंबळ काढून मांडीवर ठेवली आणि तिचा आवाज बदलला.

"सून गुरुवारी आईकडं जाणार म्हणे."

"हं."

"वरच्या वस्तीत आपण दोन गाड्या नेल्या होत्या, मिस्त्री. मी विसरले नाही."

मिस्त्रीची थापी थांबली.

"सांगितलंस का पोरीला?"

"नाही."

"मग मी सांगू?"

"नको, आक्का. मी सांगतो."

"कधी? पोर झाल्यावर?" असं म्हणून आक्का उठली आणि वाळूच्या ढिगाकडं गेली. त्या दिवशी ती पुन्हा काही बोलली नाही, आणि आक्का गप्प बसणं मिस्त्रीला शिव्यांपेक्षा जड गेलं.

बुधवारी काम लवकर आटोपून तो शाळेकडं गेला. मोजणीवाल्यांनी शाळेची एक खोली घेतली होती. बाई एकटीच बसून बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होती. मिस्त्री लहान मुलांच्या बाकावर बसला. गुडघे हनुवटीला लागत होते. बाईनं त्याला स्वतःची खुर्ची देऊ केली, पण तो उठला नाही.

तो सुनेबद्दल विचारायला आला होता, पण तोंडून निघालं बायकोबद्दल. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. फुप्फुसात गाठ होती. जन्मात तंबाखूला शिवली नाही, चुलीचा धूरही नसायचा, गॅस होता. थंडीची फार बाधा होती म्हणून खिडक्या लावून दिवस दिवस घरात असायची. शेवटी शेवटी दोन पावलं चालली तरी भिंतीला धरून उभी राहायची. हे सांगताना मिस्त्री थांबला, कारण भिंतीला धरून हे शब्द त्याचे त्यालाच ऐकू आले.

"ते यामुळंच झालं का?" त्यानं विचारलं.

बाईनं हातातली बाटली खाली ठेवली. "हजार घरं मोजली तर मला सांगता येईल, की या वस्तीत हा आजार इतर ठिकाणांपेक्षा किती जास्त आहे. पण एका माणसाचं, अमक्यामुळंच झालं, असं नाही सांगता येत. तुमच्या बायकोचं यामुळं झालेलं असू शकतं. ज्यांच्या घरात चुरा नाही त्यांनाही हा आजार होतो."

"आणि पोटातलं मूल?"

"इतक्या थोड्यानं मूल जातं, असं ठामपणे कुणी म्हणत नाही. जात नाही, असंही मी तुम्हाला लिहून देणार नाही. तुमची सून जाते आहे ना आईकडं?"

"मग ते यंत्र काय कामाचं?" मिस्त्रीचा आवाज चढला. त्याला तिचा राग आला होता. हो तरी म्हण, नाही तरी म्हण, असं त्याला तिचे खांदे धरून सांगावंसं वाटत होतं.

"यंत्र किती आहे ते सांगतं," बाई म्हणाली. "त्यानं काय केलं ते सांगत नाही. म्हणून तर आम्ही म्हणतो, जिथं आहे तिथं राहू नका. तुम्हाला अजून काही सांगायचं आहे का?"

ती त्याची वाट बघत राहिली. तिच्या मागच्या भिंतीवर नकाशा होता, वर्तुळ होतं आणि वर्तुळाच्या बाहेर वरच्या वस्तीचा एक ठिपका होता. मिस्त्रीनं तो ठिपका बघितला. "नाही," म्हणाला आणि बाकातून गुडघे सोडवत उठला.

गुरुवारी सकाळी दुधाच्या टेम्पोत सून पुढं ड्रायव्हरशेजारी बसली आणि मिस्त्री मागं कॅनांमध्ये, गादीचं गाठोडं पोटाशी धरून. वारा कानांत शिरत होता. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला मधल्या काचेतून सून मागं वळून बघायची, आबा ठीक आहेत ना म्हणून, आणि मिस्त्री हात वर करायचा. चढावर टेम्पो गरम झाला म्हणून थांबला, तेव्हा सून खाली उतरून रस्त्याकडेच्या दगडावर बसली. मिस्त्री तिच्याजवळ गेला. आता सांगू, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

"आबा, हात आणा," ती म्हणाली, आणि त्यानं विचारायच्या आत तिनं त्याचा तळहात पोटावर ठेवला. आतून एक धक्का बसला, मग दुसरा. सून हसत होती. मिस्त्रीच्या खरखरीत हाताला तो धक्का लागला आणि त्याचे डोळे भरून आले. सुनेला वाटलं, आनंदानं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. दोघं पुन्हा आपापल्या जागी जाऊन बसले.

विहीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी लेकीला आत घेतलं, मिस्त्रीला पाणी दिलं आणि खोली दाखवायला नेलं. खोली स्वच्छ, ऊबदार आणि अंधारी होती. दोन्ही खिडक्या बंद होत्या. फटींत कापडाच्या पट्ट्या कोंबल्या होत्या आणि वरून कापूस भरून शिवलेले जाड पडदे सोडले होते. पडदे शिवायला त्यांना पंधरा दिवस लागले होते. शिलाई मशीन कोपऱ्यात होती आणि तिचं स्टूल भिंतीला लागून होतं. स्टुलावर बसून पाठ भिंतीला टेकली की दिवसभर शिवलं तरी कंबर दुखत नाही, असं विहीणबाई म्हणाल्या. त्यांची पाठ टेकून टेकून भिंतीवर त्या जागी चकाकी आली होती.

"मी सगळ्यांना सांगते," त्या म्हणाल्या, "लोकांचे व्याही मानपान मागतात. माझ्या व्याह्यांनी मला भिंती दिल्या."

सून खाटेवर बसली होती. प्रवासानं तिचं डोकं चढलं होतं. तिनं सवयीनं कपाळ भिंतीला लावलं, गारव्यासाठी, आणि डोळे मिटले.

मिस्त्री खिडकीकडं गेला. त्यानं पडदा बाजूला केला आणि फटीतल्या पट्ट्या उपसायला सुरुवात केली. विहीणबाई अहो, अहो, करत मागं आल्या. त्यानं ऐकलं नाही. दोन्ही खिडक्या त्यानं सताड उघडल्या. थंड वारा खोलीत घुसला आणि मशीनवरचं कापड जमिनीवर पडलं.

"विहीणबाई, बाहेर चला," तो म्हणाला. "पोरी, तू पण ऊठ. इथं बसू नको."

"काय झालं, आबा?"

"ही भिंत पिठीची आहे. आपल्या घरची आहे तशीच. तिच्यापेक्षा जास्त. तिथं मी एक हात दिला, इथं दोन दिले." एवढं बोलून त्याला धाप लागली. "त्या दिवशी बाईंना म्हणालो, आठवत नाही. खोटं बोललो. मला सगळं आठवतं."

विहीणबाईंनी खाली पडलेलं कापड उचललं, झटकलं आणि घडी घालायला लागल्या. एकच घडी त्यांनी तीनदा मोडली. मग त्या मशीनच्या स्टुलाकडं गेल्या, बसायला म्हणून वळल्या, आणि भिंत दिसताच तशाच उभ्या राहिल्या. सूनही उठली होती. तिचं कपाळ एका बाजूला लाल झालं होतं. ती भिंतीकडं नाही, मिस्त्रीकडं बघत होती, आणि बघता बघता तिचा चेहरा बदलला.

"मागच्या वेळी मी इथंच होते," ती म्हणाली.

"हो."

"अडीच महिने. खिडकीसुद्धा उघडू देत नव्हती आई."

"हो, पोरी."

"त्यामुळंच गेलं का ते?"

मिस्त्रीला हो म्हणावंसं वाटलं. हो म्हटलं असतं तर काहीतरी संपलं असतं. गुन्हा, गुन्हेगार, सगळं एका जागी आलं असतं. नाही म्हणावंसं तर त्याहून जास्त वाटलं. दोन्ही शब्द त्याच्या ओठांपर्यंत येऊन गेले.

"माहीत नाही," तो म्हणाला. "काल त्या बाईंना विचारलं. त्यांनाही माहीत नाही. कुणालाच सांगता येत नाही म्हणतात."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

सुनेनं दोन्ही हात पोटावर ठेवले. ती रडत नव्हती. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर येत होते आणि ती ते बाजूलाही करत नव्हती. विहीणबाईंनी तिच्या खांद्यावर शाल टाकली आणि तिला धरून अंगणात आणलं. मिस्त्री त्यांच्या मागोमाग बाहेर आला. उन्हात बाज होती, तिच्यावर सून बसली. मिस्त्री तिच्यापुढं जमिनीवर उकिडवा बसला.

"तू माझ्यावर रागाव," तो म्हणाला. "जे तोंडात येईल ते बोल. मी ऐकून घेतो. जन्मभर बोलू नको माझ्याशी, तेही चालेल. कुणाला तरी दोष दे, पोरी. मला दे."

सुनेनं त्याच्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग होता, पण तो त्याच्या हातात द्यायला ती तयार नव्हती.

"मी रागावले की तुम्हाला बरं वाटेल," ती म्हणाली. "मग तुम्ही घरी जाऊन निवांत बसाल."

मिस्त्रीची मान खाली गेली.

"या वस्तीत किती घरं आहेत तुमच्या हातची?"

"सात."

"कुणाकुणाची?"

त्यानं सांगितली. चांभाराचं घर, दोघा भावांचं जोडघर, निवृत्त मास्तरांचं, पाणी सोडणाऱ्याचं, वळणावरचं दुकान, आणि हे. जोडघर धरून सात. जोडघरातल्या धाकट्या भावाच्या बायकोला गेल्या महिन्यात मुलगी झाली आहे, असं विहीणबाई मधेच हळूच म्हणाल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"त्यांच्याकडं मोजायला कुणी येणार नाही," सून म्हणाली. "आम्ही लांब राहतो ना. आम्हाला कुणी सांगणारच नव्हतं. तुम्ही सांगितलं नसतं तर मी आत्ता आत निजले असते." इथं मात्र तिचा आवाज फाटला. तिनं थांबून तो सावरला. "आबा, तुम्ही जा. एकेका घरी जा. तुमच्या तोंडानं सांगा. आधी जोडघरात. मी आणि आई मागच्या पडवीत खाट टाकतो, तिथल्या भिंतींना तुम्ही हात लावला नाही ना?"

"नाही. ती उघडी वीट आहे."

"मग जा."

मिस्त्री उठला. गुडघे धरले होते, विहीणबाईंनी त्याला हात दिला. त्यांनी हात दिला याचंच त्याला रडू आलं. तोंड फिरवून तो निघाला. गल्ली अरुंद होती आणि ऊन अजून तिथं पोहोचलं नव्हतं. वाटेत कुणीतरी त्याला ओळखून रामराम केला. त्यानं हात जोडले.

जोडघराचं दार लोटलेलं होतं. आतून तान्ह्या मुलीचं कुरकुरणं ऐकू येत होतं. कडी वाजवल्यावर थोरल्या भावानं दार उघडलं आणि मिस्त्रीला बघून त्याचा चेहरा फुलला. तो आत वळून मोठ्यानं म्हणाला, की बघा कोण आलंय, चहा ठेवा, आणि त्यानं मिस्त्रीला हाताला धरून आत घेतलं. खोलीत ऊब होती. धाकट्याची बायको भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसली होती आणि मुलगी तिच्या मांडीवर होती. तिनं पदर सारखा केला आणि सरकून शेजारी जागा केली.

"बसा की, मिस्त्री," थोरला म्हणाला. "टेका निवांत. भिंत तुमचीच आहे."

"नको," मिस्त्री म्हणाला. "मी उभ्यानंच सांगतो."